सोंग आणि साक्ष

तेहरानमधल्या एका कॉफीच्या दुकानात दोन माणसं समोरासमोर बसली आहेत. एकाने काळा चष्मा लावलाय, गळ्याभोवती चौकड्यांचा अरबी रुमाल गुंडाळलाय आणि आपण अमेरिकेचा हेर असल्याची बतावणी तो करतोय. दुसरा त्याच्या खुळ्या प्रश्नांना सरळ चेहऱ्याने, शहाणपणाची उत्तरं देतोय. पहिला जेसन जोन्स, 'द डेली शो' या अमेरिकेतल्या विडंबन-बातम्यांच्या कार्यक्रमाचा विनोदी वार्ताहर. दुसरा माझियार बहारी. जन्म तेहरानचा, शिक्षण कॅनडात, 'न्यूजवीक'चा इराणमधला बातमीदार आणि माहितीपट बनवणारा. म्हणजे सोंग एकाचंच होतं, दुसरा खराच होता.

ही चित्रफीत मी २००९च्या जूनअखेरीस पाहिली. आमच्या पुण्यातल्या घराच्या वरच्या मजल्यावर तेव्हा इस्फहानची एक मुलगी आणि तिचा भाऊ भाड्याने राहत. त्या काळात पुण्यात शिकायला आलेली इराणी मुलंमुली बरीच दिसायची. ती फार्मसी करत होती. माझ्या आईला ती 'काकू' म्हणायची आणि आई तिला सणासुदीला ताट वाढून वर पाठवायची. १२ जूनला इराणमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली, अहमदीनेजाद निवडून आल्याचं जाहीर झालं आणि 'माझं मत कुठे गेलं' असं विचारत लाखो माणसं रस्त्यावर आली. ती दोघं रात्र रात्र लॅपटॉपसमोर बसून राहायची. घरी फोन लागायचा नाही. त्या दिवसांत मी तिला एकदाच हसताना पाहिलं, ते ही चित्रफीत बघताना. जोन्सपेक्षा बहारीच्या गंभीर चेहऱ्याला ती हसत होती. "आमच्याकडे हे फार छान जमतं," म्हणाली, "असा चेहरा ठेवायला."

आम्ही हसत होतो तेव्हा बहारी तेहरानच्या एविन तुरुंगात होता. २१ जूनच्या सकाळी त्याला त्याच्या आईच्या घरातून उचललं होतं. पुढचे ११८ दिवस तो आत होता, त्यातले बहुतेक एकांतकोठडीत. चौकशीच्या वेळी डोळ्यांवर पट्टी असायची, त्यामुळे चौकशी करणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नसे. ओळख होती ती आवाजाची, मारणाऱ्या हाताची आणि वासाची. त्या माणसाच्या अंगाला गुलाबपाण्याचा वास यायचा. म्हणून बहारीने मनातल्या मनात त्याचं नावच गुलाबपाणी ठेवलं होतं.

आणि एक दिवस या गुलाबपाण्याने त्याच्यापुढे पुरावा ठेवला. कॉफीच्या दुकानातली तीच चित्रफीत. हा अमेरिकन हेर कोण? तू त्याला का भेटलास? बहारीने सांगितलं की तो विनोदी नट आहे, हेर असल्याचं नाटक करतोय. त्यावर प्रश्न आला, यात हसण्यासारखं काय आहे?

सुटून आल्यावर बहारीने हे सगळं लिहिलं. ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या चौकशी करणाऱ्याच्या अडाणीपणाची कीव वाटली. जगात सगळीकडे ही गोष्ट तशीच सांगितली गेली: इराणी सरकारला विनोद कळत नाही. वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण मात्र हे ऐकून चिडली. "त्याला कळत नाही असं समजू नकोस," ती म्हणाली. "आमच्याकडे हे न कळणारा माणूस जन्मत नाही."

तिचं म्हणणं समजायला मला काही वर्षं लागली. ती मला 'तारोफ'बद्दल सांगायची. तेहरानच्या टॅक्सीवाल्याला भाडं विचारलं की तो म्हणतो, 'काबेली नदारे', म्हणजे राहू दे, त्याची काय एवढी किंमत. तुम्ही आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं, आणि मग तो पूर्ण भाडं सांगतो. हे खोटं बोलणं नव्हे. दोघांनाही ठाऊक असतं की हे बोलायचं असतं, तसं करायचं नसतं. लहान मुलंसुद्धा यात तरबेज असतात. असा समाज सोंग ओळखण्यात कच्चा असेल कसा?

तिनेच मला इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामींचा १९९०चा 'क्लोज-अप' हा चित्रपट दाखवला. हुसेन साब्झियान नावाच्या एका गरीब माणसाने तेहरानमधल्या एका कुटुंबाला आपण प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसिन मखमलबाफ असल्याचं भासवलं. खटला झाला. कियारोस्तामींनी कोर्टात कॅमेरा नेला आणि नंतर त्याच साब्झियानला, त्याच फसलेल्या कुटुंबाला घेऊन घडलेले प्रसंग पुन्हा उभे केले. शेवटी खरा मखमलबाफ साब्झियानला मोटारसायकलवर मागे बसवून नेतो आणि ऐन त्या वेळी त्यांच्या बोलण्याचा आवाज तुटक तुटक येऊ लागतो. माइक बिघडलाय, असं पडद्यामागून कुणीतरी म्हणतं. माइक बिघडलेला नव्हता. ते बोलणं आपण ऐकू नये म्हणून कियारोस्तामींनी तो बिघाड रचला होता. पुरावा कुठे संपतो आणि रचना कुठे सुरू होते हे कळत नाही, तरीही मन भरून येतं. मी तो चित्रपट चारदा पाहिलाय, आणि चारही वेळा त्या मोटारसायकलवर माझे डोळे पाणावले.

फारसीशी आपलं नातं जवळचं आहे. 'तमाशा' हा शब्द आपल्याला तिथूनच मिळाला. तिथे त्याचा अर्थ पाहणं, आपल्याकडे पाहण्याची वस्तू. 'मस्करी'चं मूळ तिकडचंच. पेशवाईच्या पत्रांतून निरोप आणि बातम्या घेऊन धावणारा 'जासूद'सुद्धा त्यांच्या 'जासूस'चाच भाऊ. आणि गुलाब म्हणजे मुळात गुल आणि आब, फुलाचं पाणी. 'गुलाबपाणी' म्हणताना आपण पाणी दोनदा म्हणतो. लग्नात दारात उभं राहून गुलाबदाणीने पाहुण्यांवर शिंपडायचा तो सुगंध एका माणसाला आयुष्यभर पट्टीआडच्या अंधाराची आठवण करून देत राहणार, हे वाचल्यापासून गुलाबदाणी हातात घेताना मी थबकते.

सोंगाचा विषय निघाला की मला आजोळ आठवतं. सातारा जिल्ह्यातलं लहान गाव. सुगीनंतर तिथे बहुरूपी यायचे. एकदा फौजदाराच्या वेषातला बहुरूपी थेट ओसरीवर चढला, हातातली काठी जमिनीवर आपटली आणि खिशातला कागद उलगडून आजोबांवरचे आरोप वाचू लागला. तुमच्या मांजरीने सरपंचाच्या घरचं दूध प्यायलं, तुमच्या कोंबड्याने सूर्याच्या आधी बांग दिली. मी सहा वर्षांची होते. आरोपांतला विनोद माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मला खाकी कपडे दिसले, काठी दिसली आणि आजोबांना घेऊन जाणार एवढंच कळलं. मी भोकाड पसरलं. आजोबा हात जोडून "साहेब, जामीन किती भरावा लागंल?" म्हणाले तेव्हा तर मी त्या माणसाच्या पायाला मिठीच मारली. त्याने लगेच टोपी काढली, माझ्याशेजारी मांडी घालून बसला आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. "बघ बाई, म्या न्हाई फौजदार. आता तू फौजदार." आजीने सूपभर ज्वारी दिली, चहा दिला.

समोरच्याला सोंग कळलं नाही हे दिसताच त्याने ते उतरवलं. ही त्याची विद्या होती, बापजाद्यांकडून आलेली. जेसन जोन्सच्या हातात तेवढं नव्हतं. ओसरीवर बसलेला बहुरूपी माझं रडणं ऐकू शकत होता. न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून निघालेली चित्रफीत एविनच्या खोलीत पोचली तेव्हा टोपी काढायला तिथे कुणी नव्हतं.

अंतर वाढलं की काय होतं ते आपण आपल्या घरात पाहिलंय. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी छोटी जाहिरात केली होती. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात, क्षणात परत आणून सोडतात आणि मूल पळवणं किती सोपं आहे हे सांगणारा फलक धरतात. कुणीतरी शेवट कापला. परत आणून सोडणं गेलं, फलक गेला, राहिलं फक्त पळवणं. हा तुकडा २०१८ साली भारतभर मोबाइलवर खरा म्हणून फिरत होता. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी गावंच्या गावं भेदरलेली असताना १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. गाव नेमकं काय पाहून, काय ऐकून पेटलं ते प्रत्येकाचं वेगळं असेल. पण शेवट कापलेलं सोंग माणसाला कुठवर नेतं, हे मला आता इराणकडे बोट दाखवून बोलता येत नाही.

परदेशी गेलेल्या इराणी विनोदकारांनी याच अंतरावर आपलं घर बांधलंय. लंडनमध्ये जन्मलेला ओमिद जलिली सुरुवातीच्या काळात रंगमंचावर यायचा तो जाड मध्यपूर्वी उच्चारात बोलत. लोक हसू लागत. मग मध्येच तो आपल्या मूळच्या साफ लंडनी इंग्रजीत बोलायला लागायचा. आता प्रेक्षकाला कळायचं की आपण इतका वेळ विनोदाला नाही, उच्चाराला हसत होतो. टोपी काढणंच ते, फक्त इथे सोंग लागलं नव्हतं असं नाही, जास्तच लागलं होतं.

माझ जोबरानी तेहरानमध्ये जन्मला आणि लहानपणीच कॅलिफोर्नियात गेला. १९७९ साली तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेली, त्यातली ५२ जणं ४४४ दिवस अडकून पडली, आणि अमेरिकेतल्या इराण्यांना आपण कुठले हे सांगणं जड जाऊ लागलं. 'इराणी' म्हणण्याऐवजी बरेच जण 'पर्शियन' म्हणू लागले. जोबरानी यावरच विनोद करतो: पर्शियन, मांजरासारखा, गालिच्यासारखा. नट म्हणून त्याला कामं मिळत ती अतिरेक्याची. काही केली, मग ती करायचीच नाहीत असं त्याने ठरवलं. पुढे त्याच्या पुस्तकाचं नावच त्याने ठेवलं: मी अतिरेकी नाही, पण टीव्हीवर झालोय. जॉर्ज बुश यांनी २००२ साली इराण, इराक आणि उत्तर कोरियाला 'दुष्टांचा अक्ष' म्हटलं, तर जोबरानी आणि त्याच्या मित्रांनी त्याच नावाने विनोदाचे दौरे काढले. मैत्रिणीला या लोकांबद्दल अपार प्रेम. ती म्हणायची, माझ्या आईबापांच्या पिढीने नाव लपवलं, यांनी ते भोंग्यावरून सांगितलं.

या प्रेमाला किंमत मोजावी लागलेली आहे. हादी खोरसंदी हे नामवंत विडंबनकार. १९७९च्या इस्लामी क्रांतीनंतर त्यांच्या लिखाणावरून जमाव चालून आला आणि ते लंडनला गेले. तिथून 'असगर आगा' हे विनोदी नियतकालिक काढत राहिले. १९८४ साली लंडनमध्ये त्यांच्या हत्येचा कट उघडकीस आला, तेव्हा पोलिसांनी त्या कुटुंबाला घरातून हलवलं. त्यांची मुलगी शापराक आज ब्रिटनमधली नावाजलेली विनोदकार आहे. बापाच्या विनोदासाठी घर सोडावं लागलेल्या मुलीने पुन्हा विनोदाचाच रस्ता धरावा, याचा मला फार अभिमान वाटतो, ती माझी कुणी नसताना.

गुलाबपाण्याच्या गोष्टीत आणखी एक मामा आहे. इराज पेझेश्कझाद यांची १९७३ची कादंबरी 'दाईजान नापोलिओन'. फारसीत 'दाई' म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे मराठीत तो सरळ 'नेपोलियनमामा' होतो. इंग्रजीतल्या 'अंकल'ला ते जमत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं तेहरान, एक मोठी बाग, एकत्र कुटुंब आणि त्याचा कर्ता मामा, ज्याला खात्री आहे की इंग्रज आपल्याच मागावर आहेत. घरात काहीही बिघडलं की हात इंग्रजांचाच. १९७६मध्ये त्यावर दूरदर्शन मालिका झाली आणि अख्खा देश त्या मामाला हसला. आजही कुणी फार कटकारस्थानं शोधू लागला की इराणी लोक हसून म्हणतात, 'हे काम इंग्रजांचंच.' हे हसणं सोपं नाही. १९५३ साली इराणचे पंतप्रधान मोसद्दिक यांचं सरकार खरोखरच ब्रिटिश आणि अमेरिकी हेरखात्यांनी मिळून पाडलं. मामाचं वेड निराधार नव्हतं, एवढंच की तो त्या आधाराला चिकटून आपली सगळी माणसं गमावतो. क्रांतीनंतर या पुस्तकावर बंदी आली. जे राज्य मामाला वाचू देत नव्हतं त्याच राज्याच्या खोलीत मामा बसून विचारत होता, हा हेर कोण? आणि तो न्यू जर्सीबद्दलही विचारत होता. अमेरिकेतलं हे राज्य म्हणजे भोगविलासाचं आगर, अशी त्याची पक्की समजूत होती. बहारीला आतल्या आत हसू यायचं. त्या हसण्यानेच आपल्याला वाचवलं, असं तो नंतर सांगत राहिला.

२०१२च्या सप्टेंबरात फार्स या इराणी वृत्तसंस्थेने अमेरिकेच्या 'द ओनियन' या खोट्या, गमतीच्या बातम्या देणाऱ्या प्रकाशनातलं विडंबन खरी बातमी म्हणून छापलं: खेड्यांतले गोरे अमेरिकी मतदार म्हणे ओबामांपेक्षा अहमदीनेजादना पसंती देतात. नंतर त्यांनी माफी मागितली, पण बातमीचा गाभा खराच आहे असंही म्हणाले. ही चूक हास्यास्पद होती आणि तीत कुणाचं रक्त सांडलं नाही. म्हणून तिच्यावर मला फार बोलायचं नाही.

बोलायचंय ते २००९च्या त्याच जून-जुलैमध्ये घडलेल्या दुसऱ्या एका चित्रीकरणाबद्दल. अटकेनंतर थोड्याच दिवसांत बहारीला कॅमेऱ्यासमोर बसवलं. समोर 'पत्रकार' होते. प्रश्न आधी ठरलेले, उत्तरं आधी पढवलेली. पाश्चात्त्य माध्यमं इराणमध्ये उठाव घडवायला बघत होती, असं त्याने सांगायचं होतं आणि त्याने ते सांगितलं. सरकारच्या प्रेस टीव्ही या इंग्रजी वाहिनीने ते मुलाखत म्हणून दाखवलं. तो माणूस एविनमध्ये आहे, दडपणाखाली बोलतोय, हे प्रेक्षकाला कुठेही सांगितलं नाही. ब्रिटनमधल्या 'ऑफकॉम' या नियामक संस्थेने पुढे यासाठी वाहिनीला एक लाख पौंडांचा दंड केला, आणि जानेवारी २०१२मध्ये तिचा परवानाच काढून घेतला.

जोन्सने तेहरानमध्ये आणखी दोघांच्या मुलाखती घेतल्या होत्या. माजी परराष्ट्रमंत्री इब्राहिम याझ्दी आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद अली अब्ताही. दोघांनाही अटक झाली. २००९च्या १ ऑगस्टला पकडलेल्यांवर सामूहिक खटला सुरू झाला तेव्हा अब्ताही टीव्हीवर दिसले. मौलवी माणूस, पण डोक्यावर पगडी नाही, अंगात तुरुंगाचे ढगळ कपडे, काही आठवड्यांत अर्धे झालेले. ते कबुली देत होते. मैत्रीण हे बघत होती आणि मी तिच्या शेजारी होते. ती हळूच म्हणाली, "बघ, हे आमच्या सरकारचं नाटक. याची तालीम होते."

काही वर्षांनी हे पुन्हा आठवलं, तेव्हा 'त्याला कळत नाही असं समजू नकोस' हे तिचं वाक्य मला कळलं. चौकशी करणाऱ्याला सोंग ओळखता येत होतं, उलट तो त्यातलाच कसबी होता. माणसाला बसवायचं, वाक्यं द्यायची, दिवे लावायचे, पुन्हा घ्यायचं, हे त्याचं रोजचं काम. फक्त त्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रत्येक सोंगावर 'सत्य' असा शिक्का बसायचा. कुणी एवढा खटाटोप करतं, वेष करतं, कॅमेरा लावतं आणि शेवटी लोकांना मोकळेपणाने सांगतं की हे खोटं आहे, हसा, हे त्याच्या धंद्यात बसतच नव्हतं. बहुरूप्याने टोपी काढलेली त्याने कधी पाहिली नव्हती, कारण त्याची स्वतःची टोपी कधी निघाली नव्हती.

बहारी १७ ऑक्टोबरला जामिनावर सुटला आणि लंडनला पोचला. सुटकेनंतर नऊ दिवसांनी त्याची मुलगी जन्मली. पुढच्या वर्षी इराणच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत त्याला साडेतेरा वर्षं कैद आणि ७४ फटक्यांची शिक्षा सुनावली. त्याने पुस्तक लिहिलं, बळजबरीच्या कबुल्यांवर माहितीपट केला. 'द डेली शो'चा सूत्रधार जॉन स्टुअर्टला आपल्या कार्यक्रमामुळे हे घडलं की काय ही टोचणी लागली होती. बहारीने त्याला कधी दोष दिला नाही. चित्रफीत नसती तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं, असं त्याचं म्हणणं. २०१३च्या उन्हाळ्यात स्टुअर्टने कार्यक्रमातून सुट्टी घेतली, जॉर्डनमध्ये जाऊन या कहाणीवर चित्रपट केला. नाव 'रोझवॉटर'. बहारीची भूमिका मेक्सिकोच्या गाएल गार्सिया बर्नालने केली, सगळे इंग्रजी बोलतात. मला ते खटकलं. मैत्रिणीला खटकलं नाही. ती तोवर कॅनडाला गेली होती, तिथल्या चित्रपटगृहात तिने तो भावाबरोबर पाहिला. जोन्स त्यात स्वतःचीच भूमिका करतो, पुन्हा तोच चष्मा, तोच रुमाल. "ते दृश्य आलं तेव्हा सगळे हसले," तिने फोनवर सांगितलं. "आम्ही दोघं हसलो नाही. आम्ही एकमेकांचा हात धरला होता."

तिची आई अजून इस्फहानला असते. म्हातारी झालीय, प्रवास झेपत नाही, म्हणून जमेल तेव्हा हीच तिला भेटायला जाते. आम्ही अजूनही एकमेकींना विनोद पाठवतो. जलिलीचे तुकडे, जोबरानीचे, कधी मी आपल्याकडचं काही समजावून लिहिते. तिच्याकडून आलेल्या प्रत्येक विनोदाच्या वर, आधी, एक शब्द फारसीत लिहिलेला असतो. 'शूखी'. म्हणजे गंमत. मी एकदा विचारलं, मला कळतं की, मग हे कशाला लिहितेस? ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही. विमानतळावर फोन उघडायला लावतात."